धावदोरा

ऑगस्टात मी नावं कच्ची शिवते.
धावदोरा, लांब टाका, शेवटी गाठ नाही.
ओढला की सुटला पाहिजे.
नव्वद पोरं येतात कॅम्पला,
त्रेपन्न राहतात,
उरलेल्या सदतीस पाठी
मला एका रात्रीत उसवायच्या असतात.

स्टेडियमच्या पोटात, ड्रायरच्या शेजारी माझं टेबल.
वर एरी सरोवराचा वारा
रिकाम्या खुर्च्या आपटत बसतो.
खाली मला फक्त पाठी दिसतात.
चेहरे टीव्हीवाल्यांचे.

पूर्वी सरावाचे सामने चार असायचे.
चौथा कुणालाच नको असे.
लोक तिकिटं भाच्यांना देऊन टाकत.
मोठे खेळाडू टोप्या घालून कडेला उभे,
सूर्यफुलाच्या बिया चघळत, थुंकत.
आणि मैदानात ती पोरं,
जी पुढच्या आठवड्यात
कुठल्यातरी पंपावर पेट्रोल भरणार होती,
जीव खाऊन धावत.

रशॉन पेटीबोन त्यातलाच.
नंबर सत्त्याण्णव,
तोच नंबर आणखी एकाच्याही पाठीवर,
कारण आकडे पुरत नाहीत ऑगस्टात.
शेवटची सहा मिनिटं उरली असताना
त्यानं समोरच्याची किक छातीवर घेतली.
दुसऱ्या दिवशी जर्सी हातात घेऊन खाली आला,
बरगड्या धरून, हसायला जमत नव्हतं तरी हसत :
'मिसेस हलुश्का, आता पक्कं शिवा.'
मी मशीनवर दुहेरी टीप मारली.
सहा वर्षं ती सुटली नाही.
गुडघा सुटला, तो भाग वेगळा.

मग चाराचे तीन झाले.
आता दोन.
हजेरीच्या यंत्राशेजारी कागद लावलाय :
सराव कमी, मोसम लांब,
प्रेक्षकांना खरे सामने हवेत.
मी तो दोनदा वाचला.
खोटा सामना कसा असतो,
त्या बरगड्यांना विचारायला हवं.

लांबवलेले सामने जानेवारीत पडतील.
जानेवारीचा चिखल वाळला की
जर्सी उभी राहते, आत माणूस नसताना.
रक्ताला गार पाणी आणि मीठ,
गरम घातलं की डाग बसला, आई सांगायची.
वरच्या मजल्यावर पट्ट्यांची खोकी
आत्ताच दीडपट मागवलीत.
हाडांना कुणी विचारलं नाही.
हाडं मतदान करत नाहीत.

खोटं कशाला बोलू,
मलाही पगाराचे दोन आठवडे जास्त मिळतील.
फेब्रुवारीचं गॅसचं बिल
यंदा बहिणीकडे मागावं लागणार नाही.
कागद वाचताना आधी हेच मनात आलं.
पेटीबोन नंतर.

या ऑगस्टात एक सामोआचा पोरगा आला,
फालेमालामा.
नाव एवढं लांब
की पट्टी या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत.
जेवायच्या आधी जर्सी बघायला खाली आला,
अक्षरांवरून बोट फिरवलं, फोटो काढला,
आजीला पाठवायचा म्हणाला.
दोन सामन्यांत मिळून
अकरा वेळा मैदानात गेला.
अकरा वेळांत काय दिसतं माणसाचं?
मला तर एका बाहीचा अंदाज यायला
चार धुणी लागतात.

मंगळवारी यादी आली.
पहाटे दोनपर्यंत मी छत्तीस पाठी मोकळ्या केल्या,
टोक धरायचं, ओढायचं,
दोरा सरसर बाहेर.
टाक्यांची भोकं एका धुण्यात बुजतात.

सदतिसावी त्याची.
टोक धरलं, ओढलं.
येईना.
दिव्याखाली धरून पाहिलं :
शेवटी गाठ होती.
माझीच, माझ्या हातची,
कधी मारली आठवत नाही.

चष्मा पुसला.
कात्री शोधायला उठले.